दाव्याला बांधलेली माणसं : जॉर्डन पीलचा 'अस' आणि अमेरिकेचं तळघर

रात्रीची वेळ. सुट्टीसाठी गेलेल्या एका कुटुंबाच्या घरातली वीज जाते. लहानगा जेसन दारात येऊन आईवडिलांना सांगतो, आपल्या घरासमोर एक कुटुंब उभं आहे. चार जण, एकमेकांचे हात धरून, अंधारात निश्चल. बाप बाहेर जाऊन आधी गोड बोलतो, मग दरडावतो. ते हलत नाहीत. थोड्याच वेळात ते घरात शिरतात आणि शेकोटीच्या उजेडात त्यांचे चेहरे दिसतात. आई, बाप, मुलगी, मुलगा. चेहरे तेच, फक्त अंगावर लाल कपडे आणि हातात सोनेरी कात्र्या. तुम्ही आहात तरी कोण, या प्रश्नाला त्यांच्यातली आई घशातून ओढून काढल्यासारख्या आवाजात उत्तर देते : आम्ही अमेरिकन आहोत.

जॉर्डन पील या दिग्दर्शकाचा 'अस' मार्च २०१९ मध्ये प्रदर्शित झाला. 'अस' म्हणजे 'आपण'. तीच दोन अक्षरं मोठ्या लिपीत लिहिली तर 'यू. एस.', म्हणजे अमेरिका. पीलचा आधीचा 'गेट आउट' (२०१७) आपल्याकडच्या अनेक तरुणांनी पाहिला आहे. त्या सिनेमासाठी मूळ पटकथेचं ऑस्कर मिळवणारा तो पहिला कृष्णवर्णीय लेखक ठरला. 'गेट आउट' समजायला सोपा होता, कारण त्यात गोरे उदारमतवादी शत्रू होते आणि काळा नायक बळी होता. 'अस'मध्ये शत्रूचा चेहरा नायिकेचाच आहे. म्हणून बहुतेक जण तो पाहून गोंधळले आणि 'पहिल्यासारखा जमला नाही' म्हणून पुढे गेले. मला स्वतःला हा सिनेमा 'गेट आउट'पेक्षा जास्त छळतो. गेल्या दोन वर्षांत अमेरिकेत रस्त्यावर झोपणाऱ्या माणसांबाबत जे निर्णय झाले, ते वाचताना तो पुन्हा पाहावासा वाटला.

एक सूचना आधीच देतो. या सिनेमाचा शेवट सांगितल्याशिवाय त्याच्याबद्दल काही बोलता येत नाही. पाहायचा असेल तर हे वाचन इथेच थांबवा आणि नंतर परत या.

गोष्ट १९८६ मध्ये सुरू होते. कॅलिफोर्नियातल्या सांता क्रूझ शहराच्या किनाऱ्यावर कायमची जत्रा असते, पाळणे, दिवे, खेळांचे गाळे. वाढदिवसानिमित्त आईबापाबरोबर आलेली छोटी अ‍ॅडलेड त्यांची नजर चुकवून किनाऱ्यावरच्या आरशांच्या घरात शिरते. तिथे तिला एक मुलगी पाठमोरी दिसते. ते प्रतिबिंब नसतं, हुबेहूब तिच्यासारखी दुसरीच मुलगी असते. त्यानंतर अ‍ॅडलेड बराच काळ बोलत नाही. पुढे ती बोलू लागते, नृत्य शिकते, लग्न करते, दोन मुलांची आई होते. आणि एका उन्हाळ्यात नवऱ्याच्या हट्टापायी त्याच किनाऱ्यावर परत येते.

लाल कपड्यातल्या माणसांना सिनेमात 'टेदर्ड' म्हटलं आहे. मराठीत याला नेमका शब्द आहे, दाव्याला बांधलेले. गुरं दाव्याला बांधतात तशी ही माणसं वरच्या माणसांना बांधलेली आहेत. सरकारने कधीतरी प्रयोग केला, प्रत्येक माणसाची एक प्रत जमिनीखाली तयार केली, म्हणजे खालच्याला हलवून वरच्याला ताब्यात ठेवता येईल. प्रयोग फसला. सरकार निघून गेलं, माणसं खालीच राहिली. वरचा जे करेल त्याची वेडीवाकडी नक्कल खालचा करतो. वर कुणी गरम जेवण जेवतं, तेव्हा खाली कच्चा ससा खाल्ला जातो. वर अ‍ॅडलेडचं बाळंतपण शस्त्रक्रियेने होतं, तेव्हा खालच्या बाईला स्वतःचं पोट स्वतःच फाडावं लागतं. रेड नावाची ती बाई हे सगळं एका परीकथेसारखं सांगते. संपूर्ण सिनेमातला सगळ्यात भयंकर प्रसंग हाच आहे, आणि त्यात एक थेंबही रक्त दिसत नाही.

या प्रयोगाच्या तपशिलात भोकं पुष्कळ आहेत. एवढे कपडे कुठून आले, एवढ्या कात्र्या कुठून आल्या, एवढे ससे कोण पाळत होतं, असे प्रश्न विचारून लोकांनी भरपूर थट्टा केली. ती थट्टा चुकीची नाही. पण सिनेमाच्या सुरुवातीला पडद्यावर जी पाटी येते, ती काल्पनिक नाही. अमेरिकेच्या जमिनीखाली हजारो मैलांचे बोगदे आहेत, सोडून दिलेले रेल्वेमार्ग, जुन्या खाणी. लास वेगासच्या झगमगत्या जुगारघरांखाली पुराचं पाणी वाहून नेणारे बोगदे आहेत आणि त्यांत शेकडो माणसं राहतात. पाऊस आला की सामान गुंडाळून पळतात. पीलला तळघराची कल्पना फार लांबून आणावी लागलेली नाही.

आता त्या साखळीकडे येऊ. सिनेमात टेदर्ड वर येतात, आपापल्या जोडीदाराला मारतात आणि मग हातात हात धरून एका रांगेत उभे राहतात. शेवटच्या दृश्यात ही लाल रांग डोंगर ओलांडून जाताना दिसते. ही कल्पना रेडने कुठून घेतली? १९८६ च्या टीव्हीवरच्या एका जाहिरातीतून. २५ मे १९८६ रोजी 'हँड्स अ‍ॅक्रॉस अमेरिका' नावाचा कार्यक्रम खरोखर झाला होता. न्यूयॉर्कपासून कॅलिफोर्नियाच्या लाँग बीचपर्यंत सुमारे पन्नास लाख लोकांनी पंधरा मिनिटं एकमेकांचे हात धरले. भूक आणि बेघरपणा यांच्यासाठी पैसे जमवायचे होते. वाळवंटात माणसं कमी पडली तिथे फिती बांधून साखळी पुरी केली. जमले सुमारे ३.४ कोटी डॉलर. त्यातला निम्म्याहून अधिक पैसा कार्यक्रमाच्याच खर्चात गेला आणि वाटपासाठी दीड कोटीच्या आसपास उरला.

राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगनही त्या दिवशी व्हाइट हाउसजवळ रांगेत उभे राहिले. काही दिवस आधीच त्यांनी विद्यार्थ्यांसमोर म्हटलं होतं की अमेरिकेत कुणी उपाशी राहत असेल, तर मदत कुठे मिळते हे त्याला ठाऊक नसतं म्हणून. त्यांच्याच सरकारने गरिबांच्या घरांसाठीची केंद्रीय तरतूद मोठ्या प्रमाणावर कापली होती. म्हणजे ज्या हाताने कपात केली तोच हात पंधरा मिनिटांसाठी साखळीत. पीलने नेमकं हेच उचललं. वरच्यांनी जी कृती पंधरा मिनिटांत उरकली आणि विसरून गेले, ती खालच्यांनी खरी मानली. तेहतीस वर्षांनी त्यांनी ती पूर्ण केली, आणि वाळवंटातही फिती लावल्या नाहीत.

यातला आजचा भाग असा. २८ जून २०२४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 'ग्रँट्स पास विरुद्ध जॉन्सन' या खटल्याचा निकाल दिला. ग्रँट्स पास हे ऑरेगन राज्यातलं लहान शहर. तिथल्या नियमानुसार सार्वजनिक जागेत पांघरूण घेऊन झोपणाऱ्याला २९५ डॉलरपासून दंड होत होता आणि पुन्हा पुन्हा सापडला तर तुरुंगाचीही वाट होती. ज्याला डोक्यावर छप्पर नाही त्याला झोपेबद्दल शिक्षा करणं क्रूर आहे का, असा मुद्दा होता. सहा विरुद्ध तीन मतांनी न्यायालयाने सांगितलं, शहराला असा दंड करता येतो. न्यायमूर्ती सोनिया सोटोमायोर यांनी विरोधी मत दिलं आणि झोप ही शरीराची गरज आहे, गुन्हा नाही, या बाजूने त्या उभ्या राहिल्या. महिनाभरात कॅलिफोर्नियाचे डेमोक्रॅट गव्हर्नर गॅव्हिन न्यूसम यांनी राज्याच्या जमिनीवरच्या झोपड्या हटवण्याचा आदेश काढला. पुढच्या वर्षी, जुलै २०२५ मध्ये, राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी याच दिशेने आणखी कडक आदेश काढला, त्यात रस्त्यावरच्या मनोरुग्णांना संस्थांमध्ये नेऊन ठेवण्यावर भर होता. ऑगस्टमध्ये राजधानी वॉशिंग्टनमधल्या तंबूवस्त्या उठवल्या गेल्या. इथे डावं-उजवं असा मोठा फरक शोधत बसू नये. गरिबी दिसू नये, यावर दोन्ही पक्षांचं बऱ्यापैकी एकमत झालेलं आहे.

जानेवारी २०२४ च्या सरकारी मोजणीत अमेरिकेत ७ लाख ७१ हजार ४८० माणसं बेघर होती. तोवरच्या मोजण्यांमधला हा सगळ्यात मोठा आकडा. देशाच्या लोकसंख्येत कृष्णवर्णीयांचा वाटा साधारण १२ टक्के, बेघरांमध्ये ३२ टक्के. ज्या सांता क्रूझमध्ये सिनेमा घडतो, तिथे जत्रेच्या अगदी शेजारी सॅन लोरेन्झो नदी समुद्राला मिळते. त्याच नदीकाठी थोडं वर गेलं की बेंचलँड्स नावाची मोकळी जागा आहे. तिथे तंबूंची मोठी वस्ती उभी राहिली होती, ती शहराने २०२२ मध्ये हटवली. सिनेमात बायबलच्या एका वचनाची पाटी घेऊन उभा असलेला बेघर माणूस आहे. पहिल्या खेपेला आपण त्याला वातावरण-निर्मितीसाठी ठेवलेला वेडा समजतो आणि पुढे जातो. तिथल्या पर्यटकांसारखंच.

पण 'अस' म्हणजे केवळ श्रीमंत विरुद्ध गरीब एवढीच गोष्ट असती, तर ती एका लेखात संपली असती. वर असलेलं कुटुंब काळं आहे. पील मुलाखतींमध्ये म्हणाला की हा सिनेमा वंशवादावर नाही, पण एका भयपटाच्या केंद्रस्थानी काळं कुटुंब असावं ही त्याची ठरवून केलेली निवड होती. हॉलिवूडच्या भयपटात काळा माणूस बहुधा पहिल्या अर्ध्या तासात मरत आला आहे, हे लक्षात घेतलं तर तेवढी निवडसुद्धा मोठी गोष्ट आहे.

गेब, म्हणजे अ‍ॅडलेडचा नवरा, हावर्ड विद्यापीठाचं नाव असलेला स्वेटशर्ट घालतो. हावर्ड ही वॉशिंग्टनमधली काळ्या लोकांची नामवंत शिक्षणसंस्था, १८६७ मध्ये स्थापन झालेली. गेब शिकलेला आहे, कमावतो, सुट्टीवर येऊ शकतो. पण त्याचं सगळं लक्ष गोऱ्या मित्राकडे, जॉश टायलरकडे आहे. त्याची गाडी नवी, त्याची बोट मोठी. म्हणून गेबही एक खटारा बोट विकत आणतो. ती सुरू व्हायला कुरकुरते, तिरकी चालते, आणि घरात कुणालाच तिचं कौतुक नसतं. थिएटरात यावर हशा पिकतो. याच हावर्ड विद्यापीठात समाजशास्त्र शिकवणाऱ्या ई. फ्रँकलिन फ्रेझियर यांनी १९५० च्या दशकात 'ब्लॅक बूर्झ्वाझी' हे पुस्तक लिहून आपल्याच वर्गाचा रोष ओढवून घेतला होता. त्यांचं म्हणणं असं होतं की काळा मध्यमवर्ग गोऱ्यांची नक्कल करण्यात गुंतला आहे, गोरे त्याला आपल्यात घेत नाहीत आणि तो स्वतः सामान्य काळ्या जनतेपासून तुटला आहे. पीलने ते पुस्तक डोळ्यांसमोर ठेवलं होतं असा दावा मी करत नाही. पण गेबची बोट पाहताना फ्रेझियर आठवल्याशिवाय राहत नाहीत. नक्कल फक्त तळघरातलेच करतात असं थोडंच आहे?

आणखी एक बारीक गोष्ट. घरासमोरच्या अनोळखी कुटुंबाशी गेब आधी सुशिक्षित, सभ्य इंग्रजीत बोलतो. उपयोग होत नाही म्हटल्यावर आत जाऊन बेसबॉलची बॅट आणतो आणि त्याची बोली एकदम बदलते, गल्लीतल्या पोरासारखी होते. दोन भाषा, दोन अवतार, एका मिनिटात. डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांनी १९०३ मध्ये 'द सोल्स ऑफ ब्लॅक फोक'मध्ये याला दुहेरी जाणीव म्हटलं होतं : स्वतःकडे सतत दुसऱ्याच्या नजरेतून पाहत राहणं. हे तेच डुबॉइस, ज्यांना १९४६ मध्ये बाबासाहेबांनी पत्र लिहून अमेरिकेतल्या निग्रोंच्या वतीने संयुक्त राष्ट्रांकडे दिलेल्या निवेदनाची प्रत मागवली होती. आणि सांता क्रूझ हे नावही आपल्याला अगदी परकं नाही. ज्या ब्लॅक पँथर पक्षाच्या नावावरून १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली, त्याचे सहसंस्थापक ह्यूई न्यूटन यांनी १९८० मध्ये याच शहरातल्या विद्यापीठातून डॉक्टरेट मिळवली. विषय होता, अमेरिकन सरकारने पँथरवर केलेलं दमन. अँजेला डेव्हिस यांनीही पुढे तिथेच अनेक वर्षं शिकवलं. पडद्यावर यातलं काही येत नाही. तिथे फक्त पाळणे आणि आरसे आहेत.

आता शेवट. अ‍ॅडलेड आपल्या मुलाला सोडवायला तळघरात उतरते, रेडला मारते, मुलाला घेऊन वर येते. गाडीत बसल्यावर तिला १९८६ ची रात्र पूर्ण आठवते आणि आपल्याला खरं काय घडलं ते कळतं. त्या रात्री आरशांच्या घरात खालच्या मुलीने वरच्या मुलीचा गळा आवळला, तिला ओढत खाली नेलं, बेड्या घातल्या, तिचा टी-शर्ट अंगात चढवला आणि तिच्या आईबापाकडे निघून गेली. म्हणजे दोन तास आपण जिच्या बाजूने होतो ती अ‍ॅडलेड जन्माने तळघरातली होती, आणि जिला राक्षसीण समजत होतो ती रेड वर जन्मलेली. रेडचा आवाज तसा घोगरा का, याचंही उत्तर मिळतं.

सिनेमात सांगितलं जातं की सरकारला शरीराची प्रत करता आली, आत्म्याची नाही, म्हणून दोन शरीरांत एकच आत्मा. आत्म्याचं नाव निघालं की आपल्याकडचा वाचक सावध होतो, आणि इथे व्हावंच. कारण सिनेमाचा शेवट स्वतःच ही आत्म्याची भानगड निकालात काढतो. खाली जन्मलेली मुलगी वर आली, तिला गरम जेवण मिळालं, नृत्य मिळालं, बोलायला शिकवणारी माणसं मिळाली, आणि ती प्रेमळ आई झाली. वर जन्मलेली मुलगी खाली टाकली गेली आणि कात्री घेऊन परत आली. दोघींमध्ये फरक होता तो फक्त जागेचा. जन्मजात 'खालचं' असं काही नसतं, हे भयपटाच्या भाषेत इतक्या थेट सांगितलेलं मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

मग अ‍ॅडलेड दोषी आहे का? इथे मित्रांशी माझा वाद होतो. काही जण म्हणतात, तिने दुसऱ्या मुलीचं आयुष्य चोरलं, ती खलनायिका आहे. मला हे पटत नाही. अंधारात जन्मलेल्या लहान मुलीने दार उघडं दिसल्यावर बाहेर पडणं हा गुन्हा कसा? दार एकाच माणसापुरतं उघडं ठेवलं होतं, तो गुन्हा ज्याने तळघर बांधलं त्याचा. पण ती मोठी झाल्यानंतरचं काय? तेहतीस वर्षं ती वर होती. कोण खाली आहे आणि कशा अवस्थेत आहे, हे पाहून आलेली वरच्या जगातली ती एकमेव बाई होती. तिने कुणाला सांगितलं नाही, परत फिरकली नाही, आणि शेवटी खाली उतरली ती स्वतःच्या मुलासाठी. तिची चूक कुठे असेलच तर इथे आहे. शिकून, नोकरी मिळवून, वस्ती सोडून गेलेल्या कुणालाही हा प्रश्न टोचावा. मीही त्यात आलो.

सिनेमावर माझा मोठा आक्षेप वेगळा आहे. बंडाचं नेतृत्व कोण करतं? रेड. भाषा फक्त तिला येते, योजना फक्त ती आखते, साखळीची कल्पना तिचीच. कारण ती वर जन्मलेली. खाली जन्मलेल्यांना या सिनेमात एक वाक्यही नाही, ते नुसते गुरगुरतात, ओरडतात, हसतात. खाली जन्मलेली आणि बोलणारी एकच व्यक्ती आहे, अ‍ॅडलेड, आणि ती बोलायला शिकली तेव्हा आपण कुठून आलो हेच लपवायला शिकली. दबलेल्यांना जागं करायला वरून कुणीतरी पडावं लागतं, ही कल्पना पीलसारख्या लेखकाकडूनही निसटून यावी याचं वाईट वाटतं. खऱ्या इतिहासात असं घडत नाही. हॅरिएट टबमन गुलामीत जन्मल्या, १८४९ मध्ये पळाल्या, आणि मग इतरांना सोडवायला पुन्हा पुन्हा दक्षिणेत परत गेल्या. तळघरातून वर येऊन परत खाली उतरलेल्या माणसांची उदाहरणं पीलच्या स्वतःच्याच इतिहासात आहेत.

आवाजाबद्दल एक वादही लक्षात ठेवण्यासारखा आहे. रेडचा आवाज बसवताना लुपिता न्योंगोने स्पॅझमॉडिक डिस्फोनिया या स्वरयंत्राच्या विकारावरून प्रेरणा घेतल्याचं सांगितलं. त्यावर अपंगांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या संस्थांनी हरकत घेतली, खऱ्या माणसांचा आजार भीती दाखवायला का वापरता? न्योंगोने टीव्हीवर येऊन माफी मागितली. हरकत योग्य होती. ज्या सिनेमाचा मुद्दाच 'कुणाला राक्षस ठरवलं जातं' हा आहे, त्याने एका आजाराला राक्षसाचा आवाज द्यावा हे विचित्रच. तरीही न्योंगोचा अभिनय त्या वर्षीच्या सर्वोत्तम अभिनयांपैकी होता हे नाकारता येत नाही. न्यूयॉर्कच्या समीक्षक मंडळाने तिला उत्कृष्ट अभिनेत्री ठरवलं, ऑस्करने नामांकनसुद्धा दिलं नाही.

वसतिगृहात किंवा अभ्यासवर्गात हा सिनेमा दाखवणार असाल तर शक्य झाल्यास दोनदा दाखवा. दुसऱ्या खेपेला वेगळ्याच गोष्टी दिसतात. आरशांच्या घराची दर्शनी पाटी पाहा : १९८६ मध्ये तिच्यावर मूळनिवासी इंडियन माणसाचं चित्र असतं, आताच्या काळात त्यावर गोऱ्या जादूगाराचं चित्र चढवलेलं आहे आणि आतलं जंगल तेच आहे. गाडीत अ‍ॅडलेड मुलाला गाण्याच्या तालावर चुटक्या वाजवायला शिकवते, तिच्या स्वतःच्या चुटक्या तालात नाहीत. आणि किनाऱ्यावर गोरी मैत्रीण किटी हातात पेला घेऊन इकडतिकडच्या गप्पा मारत असते, तेव्हा अ‍ॅडलेड गप्प बसलेली असते. किटी विचारते, तेव्हा ती ओशाळून सांगते की आपल्याला नुसतं बोलत बसणं अवघड जातं. पहिल्या खेपेला हे वाक्य कुणाच्या ध्यानातही राहत नाही.